साथीचे दिवस आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या समारंभात पाहुण्याने परीक्षा, शिष्यवृत्ती आणि नोकरी या विषयांवर बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आज ज्या मुलामुलींना बक्षिसे मिळाली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु मी बोलणार आहे तो विषय कोणत्याही परीक्षेला नसतो आणि तरीही प्रत्येक घराला त्याची परीक्षा द्यावी लागते. साथीचा रोग आला असता घरात आजारी माणसाची शुश्रूषा कशी करावी आणि घराचा रोजचा व्यवहार कसा चालू ठेवावा, हा तो विषय होय.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची जागतिक साथ असल्याचे सांगितले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणीची स्थिती संपल्याचे जाहीर केले. या दोन तारखांच्या मध्ये आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात काही ना काही घडले आहे. कोणाचे वडील गेले, कोणाची आई पंधरा दिवस इस्पितळात राहून परत आली, कोणाचे दुकान बंद पडले, कोणाची शाळा सुटली ती सुटलीच. मग आता तो विषय कशाला काढायचा, असे कोणी म्हणेल. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणूनच तो आज काढायचा. साथ अंगावर आली म्हणजे माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला काही शिकविता येत नाही.

मित्रांनो, साथ ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि घरोघर तपासणी सुरू झाली. रोगी सापडला की त्याला उचलून इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, अशी ती पद्धत होती. लोकांना रोगापेक्षा या पथकांची धास्ती अधिक वाटू लागली. रोगी कपाटामागे, माळ्यावर लपविले जाऊ लागले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातील एका विणकर मुस्लिम कुटुंबातील आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली आणि त्यात माणसे प्राणास मुकली. त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली.

या घटनेत सरकारी पद्धतीचा दोष उघड आहे. ज्या घरात बायाबापड्या आहेत तेथे परक्या माणसांनी, शिपाई बरोबर घेऊन शिरावे, ही रीत कोणालाच रुचण्यासारखी नव्हती. परंतु रोगी लपविल्याने रोग काही लपला नाही. तो त्याच खोलीत राहिला आणि शेजारच्या खाटेवर गेला. निरनिराळ्या जमातींनी पुढे स्वतःची प्लेग इस्पितळे उघडली, आपली माणसे शुश्रूषेला ठेवली, तेव्हा लोक आपण होऊन रोगी आणू लागले. भीती कमी झाली की लपविणे कमी होते, हा त्या साथीचा मोठा धडा आहे. माझ्या आजच्या सांगण्याचा गाभाही हाच आहे. आजार लपविला जातो तो भीतीपोटी. आणि भीती जाते ती माहितीने व आपुलकीने. ही माहिती घराघरात असली पाहिजे.

२०२० साली आपण हेच पुन्हा पाहिले. ताप आला तरी लोक ‘उन्हाचा त्रास आहे’ म्हणत. खोकला दाबून ठेवीत. माझ्या दवाखान्यात एखादा गृहस्थ येई आणि आपल्या आईचे दुखणे स्वतःचे म्हणून सांगून औषध मागे, कारण आईला आणले तर गल्लीत चर्चा होईल अशी त्याला धास्ती. शेजारी बोलणे टाकतील, मुलीचे ठरलेले लग्न मोडेल, दुकानावर गिऱ्हाईक येणार नाही, इस्पितळात नेले तर तोंड पाहायला मिळणार नाही आणि मेल्यावर दफनही नीट होणार नाही, अशा अनेक शंका मनात होत्या. यांपैकी काही शंका अगदीच निराधार होत्या असे मी म्हणणार नाही. दफनाच्या प्रश्नावरून तर काही लोक न्यायालयापर्यंत गेले. दफनामुळे रोग पसरतो या म्हणण्याला शास्त्रीय आधार नसल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले, तेव्हा पुष्कळांच्या मनावरचे ओझे उतरले.

काही वडीलधारी मंडळी म्हणत, ‘जे तकदिरीत आहे ते होणारच, मग एवढा जपण्याचा अट्टहास कशाला?’ त्यांना मी हजरत उमर यांच्या प्रवासाची आठवण देत असे. शामच्या प्रदेशाकडे जाताना सरग या ठिकाणी त्यांना पुढे साथ असल्याची बातमी मिळाली. त्यांनी बरोबरच्या जाणत्यांचा सल्ला घेतला आणि ते मागे फिरले. हे तकदिरीपासून पळणे नाही काय, असा प्रश्न त्यांना तेथेच विचारला गेला होता. एका तकदिरीकडून आपण दुसऱ्या तकदिरीकडेच जात आहोत, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. साथीच्या गावी जाऊ नये आणि आपल्या गावी साथ असेल तर तेथून बाहेर पळू नये, ही पैगंबरसाहेबांची शिकवणही त्याच प्रसंगी सांगितली गेली. चौदाशे वर्षांपूर्वीची ही शिकवण आणि आजच्या डॉक्टरांचा सल्ला यांत विरोध कोठे आहे? तवक्कल म्हणजे हात जोडून बसणे नव्हे.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू.

आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवा, असे सांगणे सोपे असते. ज्यांच्या घरात खोलीच एक आहे त्यांनी काय करावे? धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रोगी आढळला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसे आणि शौचालय सार्वजनिक, तेथे घरात वेगळे राहणार कसे? महानगरपालिकेने शाळा व सभागृहे ताब्यात घेऊन तेथे विलगीकरणाची सोय केली आणि वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली. ओळखीचा डॉक्टर दारात आला की लोक खरे बोलतात. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगापुढे ठेवले. तेव्हा ज्या घरात जागा नाही त्या घराने संकोच न करता बाहेरच्या सोयीचा उपयोग करावा. त्यात कमीपणा नाही. मुले आणि म्हातारी माणसे वाचतात.

ज्यांच्याकडे एखादी खोली किंवा पडवी आहे त्यांनी रोग्याची खाट खिडकीजवळ ठेवावी. आपल्याकडे आजाऱ्याला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतात. श्वासातून पसरणाऱ्या रोगात ही पद्धत घातक ठरते. कोंडलेल्या हवेत रोगाचे जंतू साचतात. वाहत्या हवेत ते विरळ होतात. रोग्याला चादर द्या, पण खिडकी उघडी ठेवा. रोग्याने आणि जवळ जाणाऱ्याने तोंडाला मास्क बांधावा. शुश्रूषेला एकच माणूस ठरवावा आणि तो शक्यतो तरुण व निरोगी असावा. खोलीतून बाहेर पडल्यावर साबणाने हात धुवावेत. ताट-वाटी वेगळी ठेवणे म्हणजे वाळीत टाकणे नव्हे, हे रोग्याला प्रेमाने सांगावे. दाराशी बसून, थोडे अंतर ठेवून त्याच्याशी बोलत राहावे. एकटेपणाने खचलेला रोगी जेवत नाही आणि जो जेवत नाही तो लवकर उठत नाही.

घरात एक वही ठेवा. हिशेबाची वही आपण ठेवतो, तशीच ही आजाराची वही. पहिल्या पानावर दुखणे सुरू झाल्याची तारीख लिहा. मग रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ किती ताप आहे, किती पाणी गेले, कोणते औषध कधी दिले आणि लघवी नीट होते की नाही हे लिहा. शरीरातील प्राणवायू मोजण्याचे बोटाला लावायचे लहान यंत्र आता पुष्कळ घरांत आहे. त्याचा आकडाही लिहा. नखाला रंग किंवा मेंदी असेल अथवा हात गार असेल तर आकडा चुकू शकतो. तेव्हा बोट बदलून, हात चोळून पुन्हा पाहावे. डॉक्टरकडे किंवा इस्पितळात जाताना ही वही बरोबर न्यावी. ‘बरेच दिवसांपासून ताप आहे’ या वाक्याने डॉक्टरला काही समजत नाही. ‘आज सातवा दिवस, परवापासून खोकला वाढला’ या वाक्याने पुष्कळ समजते. ही वही लिहिण्याचे काम सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी उत्तम करू शकते.

घरी कोठवर थांबावे हे ठाऊक असणे सर्वांत महत्त्वाचे. कोविडमध्ये बहुतेक रोगी घरीच बरे झाले. परंतु काहींची प्रकृती पहिल्या आठवड्याच्या शेवटी, ताप उतरतो आहे असे वाटत असतानाच बिघडली. बोटाच्या यंत्रावरील आकडा ९४ च्या खाली जाऊ लागला, बोलताना धाप लागू लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर दिसू लागले, रोगी असंबद्ध बोलू लागला किंवा उठवूनही नीट जागा होईना, तर सकाळची वाट पाहू नये. अशा वेळी काढा, वाफ, मंतरलेले पाणी यांत गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. दुवा अवश्य करावी. ती गाडीत बसूनही करता येते.

औषधांबद्दल दोनच शब्द. शेजाऱ्याची चिठ्ठी आपली चिठ्ठी नसते. मोबाइलवर फिरलेली औषधांची यादी म्हणजे डॉक्टरचा सल्ला नव्हे. स्टेरॉइड हे औषध ज्या रोग्याचा प्राणवायू कमी झाला आहे त्याला जीवदान देते. पण तेच विनाकारण, लवकर किंवा जास्त घेतले तर घात करते. २०२१ साली मधुमेहाच्या अनेक रोग्यांना काळ्या बुरशीचा आजार झाला. त्यामागे वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही प्रमुख कारणे होती. साथीच्या दिवसांत इतर दुखणी सुट्टीवर जात नाहीत, हेही विसरू नये. मधुमेहाची, रक्तदाबाची, क्षयाची औषधे बंद पडता कामा नयेत, गरोदर सुनेची तपासणी चुकता कामा नये.

घरच्या माणसांच्या हातात किती सामर्थ्य असते याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या आया, बहिणी, भाऊ यांच्या हातात पेला देऊन थोडे थोडे पाजीत राहण्यास सांगितले. त्या लोकांपैकी बहुतेकांनी शाळेचे तोंड पाहिले नसेल. परंतु मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते शेकडा चारच्याही खाली आले. आज हेच जलसंजीवनी म्हणून आपण ओळखतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. येथे बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे प्रमाण पाठ पाहिजे. मीठ अंदाजाने टाकू नये. जास्त मीठ लहान मुलाला अपाय करते.

आता भगिनींविषयी. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आपल्या देशात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मरण पावल्या. घरातील सगळ्यांची शुश्रूषा त्या करीत आणि स्वतः आजारी असतानाही चूल पेटवीत, हे त्याचे एक कारण मानले गेले आहे. एकवीस वर्षांपूर्वी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. त्यांचा त्याग थोर आहे. परंतु आपल्या घरातल्या आईने, बहिणीने असा देह ठेवावा अशी परिस्थिती आपण का निर्माण करावी? कोविडच्या दिवसांत मी पुष्कळ घरे पाहिली. पुरुष आजारी पडला की सारे घर त्याच्या खाटेभोवती असे. बाई आजारी पडली की तिचा ताप ‘अंगदुखी’ म्हणून मागे टाकला जाई आणि तिसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापताना दिसे. वहीत पहिले नाव अम्मीचे लिहा. तिचा ताप मोजा. मुलग्यांना भात शिजविता आला पाहिजे, भांडी घासता आली पाहिजेत, आजारी माणसाचे अंथरूण बदलता आले पाहिजे. हे काम मुलींचेच आहे असे कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेले माझ्या वाचनात नाही. पैगंबरसाहेब स्वतः घरकामात हात लावीत, हे आपण मुलांना सांगतोच. मग त्याप्रमाणे वागायला शिकविण्यात अडचण काय?

रोजच्या व्यवहाराचाही विचार केला पाहिजे. घरबंदी म्हणजे नुसती सुट्टी असे समजून पहिले काही दिवस सर्वांनीच घालविले. पुढे मुले दुपारपर्यंत झोपू लागली, वडील कामधंदा नसल्याने चिडचिडे झाले आणि चार भिंतींत सारे एकमेकांना जड झाले. ज्या घरांनी दिवसाचे वेळापत्रक बांधले ती घरे सावरली. या बाबतीत आपल्या हाताशी एक आयती चौकट आहे. पाच वेळची नमाज दिवसाचे पाच भाग पाडून देते. २०२० चा सबंध रमजान आणि ईद आपण घरात काढली. वडील इमाम झाले, मुले मागे उभी राहिली. कित्येक मुलांनी वडिलांच्या मागे रोज नमाज पढण्याचा अनुभव प्रथमच घेतला. फजरनंतर तासभर अभ्यास, जोहरपूर्वी घरकाम, असरनंतर अंगणात किंवा गच्चीवर थोडे चालणे, इशानंतर बातम्या बंद. बातम्या दिवसातून एकदाच पाहाव्यात. सारा दिवस मृतांचे आकडे ऐकणाऱ्या घरात मुले रात्री दचकून उठतात.

मुलांच्या अभ्यासाचे नुकसान मोठे झाले. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या बहुसंख्य शाळा ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडू लागल्या. २०२१ ची दहावीची परीक्षा तर झालीच नाही. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन, अशी स्थिती सर्वत्र होती. बहुतेक ठिकाणी तो मोबाइल मुलाला मिळाला आणि मुलीला ‘तू नंतर बघ’ असे सांगितले गेले. त्या काळात सुटलेल्या काही मुली आजतागायत शाळेत परत आलेल्या नाहीत. पालकहो, आपल्या नात्यात अशी एखादी मुलगी असेल तर तिला येथे घेऊन या. पुन्हा साथ आलीच, तर मोबाइल नसला तरी पुस्तक असते. मोठ्या भावंडाने लहानाला रोज एक पान वाचून दाखवावे आणि एक पान लिहून घ्यावे. एवढ्यानेही वाचनाची सवय तुटत नाही.

शेवटी मोहल्ल्याविषयी. आजाऱ्याला भेटावयास जाणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. साथीत त्याचे रूप बदलावे लागते, हेतू बदलत नाही. खाटेवर जाऊन गर्दी करण्याऐवजी दाराशी जेवणाचा डबा ठेवावा, औषध आणून द्यावे, फोनवर दोन शब्द बोलावेत, बरे झालेल्या माणसाला सर्वांसमोर सलाम करून त्याच्या शेजारी बसावे. हे शेवटचे काम सर्वांत मोठे आहे, कारण त्यामुळे पुढच्या आजाऱ्याची भीती जाते. १८९७ साली ऐन विशीतल्या आगाखानांनी हाफकिन यांची प्लेगची लस लोकांसमक्ष टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची लसीबद्दलची भीती उतरली. प्रतिष्ठित माणसाने आधी स्वतः करून दाखविले की सामान्य माणसाला धीर येतो. २०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी ३६ लाख रुपये जमवून तेथील सार्वजनिक इस्पितळात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. त्या खाटांवर कोणत्या धर्माचा रोगी झोपेल, हे त्यांनी विचारले नाही. खरी जमातसेवा अशी असते.

विद्यार्थी मित्रांनो, मी तुमच्याकडून तीन गोष्टी मागतो. या आठवड्यात घरासाठी एक वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव, वय, रक्तगट, चालू औषधे व डॉक्टरचा दूरध्वनी क्रमांक लिहा. तापमापक वाचायला आणि जलसंजीवनी करायला शिका. आणि आपल्या गल्लीत कोणी आजार लपवीत असेल तर चारचौघांत न बोलता त्याच्या घरी जा, धीर द्या आणि त्याला डॉक्टरपर्यंत पोहोचवा. संस्थेच्या चालकांनाही माझी विनंती आहे की, घरगुती शुश्रूषेचे चार तास तरी दरवर्षी नववीच्या मुलामुलींना एकत्र बसवून शिकवावेत. परिसरातील डॉक्टर व परिचारिका विनामूल्य येतील. पहिला तास घेण्यास मी स्वतः तयार आहे.

 अल्लाह आपणा सर्वांना सेहत देवो. खुदा हाफिज.